मांडवातून आमदाराला मोकळं करा

वैशाखातली गोष्ट. आमच्या गल्लीत लग्न होतं. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. दोन मंगलाष्टकं झाली आणि माइकवरचा माणूस म्हणाला, "गुरुजी, जरा थांबा. आमदारसाहेब फाट्यावर आलेत."

सगळे थांबले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या. नवरीची आजी खुर्चीतून सारखी विचारत होती, काय झालं, काय झालं. पंचवीस मिनिटांनी साहेब आले. अक्षता टाकल्या, फोटो काढला, टॉवेल-टोपी-नारळ घेतला आणि निघाले.

त्यांना गाडीपर्यंत सोडायला मला पाठवलं. पुढच्या सीटवर त्यांचा पीए वही उघडून बसला होता. मी डोकावलो. त्या एका तारखेखाली नऊ लग्नं, दोन दहावे, एक वास्तुशांत आणि एक जावळ. प्रत्येक लग्नापुढे गावाचं नाव आणि त्यापुढे भावकीच्या मतांचा आकडा.

साहेबांना दोन शब्द सुनवावेत म्हणून मी गाडीपर्यंत गेलो होतो. वही पाहिली आणि गप्प बसलो. ती वही आपणच भरली होती. घरोघरच्या पत्रिका नेऊन देऊन.

सालगडी ठेवायचा आणि त्याला रोज पंगतीत वाढायला उभा करायचा, मग रान कोण नांगरणार? आमदाराचं आपण तेच करतो. पाच वर्षं त्याला मांडवात फिरवतो आणि पाचव्या वर्षी विचारतो, "आमच्यासाठी केलं काय?" तो हात जोडून म्हणतो, "तुमच्या मुलीच्या लग्नाला आलो होतो की!" आपल्याकडे यावर उत्तर नसतं.

पुढारी माणूस हुशार असतो. कशाने मत मिळतं ते त्याला चटकन कळतं. तुम्ही हजेरी मागितली, त्याने हजेरी दिली. तुम्ही दुसरं काही मागून तर बघा.

दुसरं म्हणजे काय? ते आधी समजून घ्या.

आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. वर्षात तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पाचं आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. या दिवसांत तुमच्या आमदाराला एक हक्क असतो, जो तुमच्या कलेक्टरलाही नाही. तो मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारू शकतो. मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर लिहून घेतलं जातं आणि छापलं जातं.

घरातलं उदाहरण घेऊ. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे मशीन आहे. चालवणारा माणूस नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलंय. पाय मोडलेल्या माणसाला बाहेर पाठवतात, खिशातून पैसे जातात. तुम्ही आमदाराला सांगता. तो लेटरहेडवर पत्र देतो, खाली गोल शिक्का. अशी पत्रं त्याच्या कार्यालयात रोज ढिगाने निघतात. तुमचं त्या ढिगातलं एक.

तेच गाऱ्हाणं त्याने तारांकित प्रश्न करून सभागृहात मांडलं, तर आरोग्यमंत्र्याला उभं राहून सांगावं लागतं की पद रिकामं आहे की नाही, कधीपासून आहे आणि कधी भरणार. त्याच्यावर आणखी उपप्रश्न विचारता येतात. काम तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना असते. मंत्री "अमुक महिन्यात भरतो" असं सभागृहात बोलला की ते आश्वासन होतं. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळात वेगळी आश्वासन समिती आहे. जत्रेतल्या व्यासपीठावर दिलेल्या शब्दाच्या मागे अशी कुठलीच समिती नसते.

आता हजेरीचं. सभागृह चालायला एक दशांश सदस्य पुरतात. म्हणजे २८८ पैकी २९. बाकीचे कुठे असतात, ते तुम्हाला माहीतच आहे. कुणाच्या तरी मांडवात. परवानगी न घेता साठ दिवस गैरहजर राहिलेल्याची जागा सभागृह रिकामी ठरवू शकतं, असं घटनेत आहे. पण अलीकडे बहुतेक वर्षी बैठकाच साठ भरत नाहीत. तेव्हा त्या कलमावर विसंबू नका. विचारणारं माणूस तुम्हीच आहात.

काही जण म्हणतात, मुंबईत बसून भाषणं करून आमच्या चुलीला काय फरक पडतो? त्यांनी आपल्या आजीला विचारावं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, बांध घालायला गावंच्या गावं गेली. मागेल त्याला काम, ही कल्पना सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, १९७९ च्या २६ जानेवारीला तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. काम देता आलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. पुढे २००५ मध्ये दिल्लीने देशासाठी असा कायदा केला, त्याआधी आपल्याकडे तो पंचवीसहून जास्त वर्षं चालला होता. आजीच्या हातावर हजेरीचा पगार पडला, तो सभागृहातल्या कामामुळे. त्या आमदारांनी किती लग्नांना हजेरी लावली, हे आज कुणाला आठवतंय?

आणखी एका माणसाचं नाव सांगतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, २०१४ साली अकराव्यांदा. मतदारसंघ एक, पक्ष एक. मधे १९७२ ला पडले. १९९५ ला पडले, तेही अवघ्या १९२ मतांनी. दोन्ही वेळा पुन्हा त्याच लोकांपुढे गेले आणि लोकांनी पुन्हा निवडून दिलं.

गणपतराव एसटीने फिरायचे. एसटीत खिडकीच्या वर 'आमदार' असं लिहिलेली राखीव जागा असते. तुम्ही आयुष्यात किती वेळा त्या जागेवर खरा आमदार बसलेला पाहिलाय? मी तरी तिथे कायम कंडक्टरची पिशवी पाहिली. सांगोल्याकडच्या लोकांनी मात्र पाहिलाय.

सांगोला दुष्काळी तालुका. गणपतरावांनी पाण्याचा प्रश्न सोडला नाही. नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर ते दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत उभे राहिले. शेतकऱ्यांची सूतगिरणी उभी केली. मंत्री थोडाच काळ होते, १९७८ च्या सरकारात आणि पुन्हा १९९९ नंतर. आमदारकीची बाकी बहुतेक वर्षं विरोधी बाकावर गेली. ३० जुलै २०२१ ला ते वारले.

हे मी एवढ्यासाठी सांगतो की आपल्याकडे एक समजूत पक्की बसलीय. आमदार सत्तेतलाच हवा, नाहीतर निधी येत नाही. सांगोल्याच्या लोकांनी ही समजूत पन्नास वर्षं मानली नाही. त्यांना विचारणारा माणूस हवा होता. तो त्यांनी सांभाळला. गणपतराव चांगले होतेच, पण सांगोल्याच्या मतदाराचंही थोडं कौतुक करा. आमदार पडल्यावर त्याला विसरायचं नाही आणि निवडून आल्यावर त्याला मखरात बसवायचं नाही, हे त्यांना जमलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. फार अवघड नाही.

कुठलं काम कुणाचं, हे आधी घरात सगळ्यांना ठाऊक हवं. गटार तुंबलं तर ग्रामपंचायत किंवा नगरसेवक. सातबारावर नाव चुकलं तर तलाठी, मग तहसील. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. रेल्वेचा थांबा खासदाराकडे. दवाखाना, शाळा, धरणाचं पाणी, एसटी डेपो, पोलीस ठाण्यातली माणसं, राज्याचा कायदा आणि राज्याचा पैसा, हे आमदाराकडे. गटारासाठी आमदाराला बोलावू नका. तो येईल, फोटो काढेल आणि ग्रामसेवक मोकळा सुटेल.

दाखल्यांसाठीही त्याच्या दारात जाऊ नका. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला किती दिवसांत द्यायचा हे सरकारनेच ठरवून दिलंय. २०१५ पासून आपल्याकडे सेवा हक्काचा कायदा आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कार्यालयात सेवांचा आणि मुदतीचा फलक लावलेला असतो. तो वाचा. हक्काच्या गोष्टीसाठी शिफारस मागितली की ती उपकार होते आणि उपकार फेडावे लागतात.

मग पैशाचं बघा. आमदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. हा पैसा त्याच्या खिशात येत नाही. तो फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयातून. बस थांब्याच्या पाटीवर त्याचं नाव ठळक असतं, पैसा तुमचा असतो. त्या पाटीपुढे हात जोडायचं कारण नाही.

तुमच्या गावाच्या नावावर कोणती कामं झाली, हे विचारायला दहा रुपये लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन विभागात द्या. विषय एकच ठेवा, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दोन ओळींत विचारा: अमुक गावात आमदार निधीतून गेल्या तीन वर्षांत कोणती कामं झाली, किती रुपयांची, कधी पूर्ण झाली. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

उत्तर आलं की तो कागद घेऊन गावात फिरा. मी फिरलोय. आमच्या वाडीच्या नावावर दोन हायमास्ट दिवे दाखवले होते. उभा एकच. दुसऱ्याचा नुसता चौथरा, त्यावर शेळ्या बसायच्या. आम्ही पाच जण कागद घेऊन कार्यालयात गेलो. भांडलो नाही, आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, दुसरा दिवा कुठंय? महिन्याभरात खांब आला. शेळ्यांची तेवढी गैरसोय झाली.

आता प्रतिज्ञापत्राचं. निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र देतो. त्याची, बायकोची आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, कोर्टातले खटले, सगळं त्यात असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतं. तुमच्या नातवाला मोबाइलवर काढून द्यायला सांगा.

२०१९ चं आणि २०२४ चं प्रतिज्ञापत्र शेजारी शेजारी ठेवा. पाच वर्षांत जमीन किती वाढली, गाड्या किती वाढल्या, उत्पन्न किती दाखवलं. श्रीमंत असणं गुन्हा नाही. जमिनीचे भावही वाढतात, ते ध्यानात घ्या. पण दुकानाचा हिशोब तुम्ही रोज करता. उत्पन्न एवढं आणि खरेदी तेवढी, हे जुळतं की नाही ते तुम्हाला कुणी शिकवायला नको.

खटल्यांचा आकडा पाहून लगेच घाबरू नका. रस्ता रोको केला, मोर्चा काढला की गुन्हे दाखल होतात. पाण्यासाठी लढणाऱ्याच्या नावावर दहा असू शकतात. कोणत्या कलमाखाली आहेत ते बघा. मारहाण, फसवणूक, बाईमाणसाशी गैरवर्तन, जमीन बळकावणं हे वेगळं. कोर्टाने दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा सुनावली की आमदारकी लगेच जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलंय. पण शिक्षा व्हायला वर्षं जातात. तोवरचा निकाल तुमच्या बोटावरच्या शाईत असतो.

आता जरा नाजूक गोष्ट. "मी आमदारांचा माणूस" म्हणणारा तुमच्या ओळखीत एखादा असेलच. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. तो मुलाला नोकरी लावतो म्हणेल. बदली करून देतो म्हणेल. पैसे मागेल, अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर.

देऊ नका. आमच्या नात्यातल्या एकाने दिले. बायकोच्या पाटल्या मोडून दिले. भरतीची यादी लागली, मुलाचं नाव नव्हतं. तो माणूस म्हणाला, पुढच्या यादीत येईल. पुढची यादी आली नाही आणि त्याचा फोनही लागेनासा झाला. आमदाराला त्यातलं काही माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. पोलिसात जाता येईना, कारण लाच दिली हे कुठल्या तोंडाने सांगणार? पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या घरात आजही तो विषय कुणी काढत नाही. नोकरी खरी असेल तर तिची जाहिरात निघते आणि परीक्षा होते. बाकी जे काही आहे, त्यापासून तुमचं घर लांब ठेवा.

पक्ष बदलण्याबद्दल बरेच जण मला विचारतात. ज्याला मत दिलं तोच दुसरीकडे गेला, आता काय करायचं? १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पण आमदार अपात्र ठरवायचा की नाही, हे पहिल्यांदा विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात, आणि अध्यक्षही निवडून येतात ते एखाद्या पक्षातूनच. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. दीड वर्षाने. दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हा वाद मी तुमच्या ओट्यावर आणणार नाही. एवढंच ध्यानात घ्या की आमदाराला मधेच परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. तेव्हा प्रचाराला घरी येईल त्या दिवशीच त्याला चारचौघांत विचारा, "पक्ष सोडायची वेळ आली तर आधी आम्हाला विचारणार का?" तो हो म्हणेल. म्हणू द्या. साक्षीला गाव असतं.

एक वहीही घाला. पीएच्या वहीसारखीच. प्रत्येक अधिवेशनानंतर तिच्यात लिहा: आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले, आपल्या तालुक्याचे किती, कोणत्या चर्चेत बोलला. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज असतं, गावातला शिकलेला पोरगा ते काढू शकतो. वही ग्रंथालयात किंवा पारावरच्या दुकानात ठेवा, येणारा-जाणारा बघेल. शिव्या लिहू नका. चांगलं बोलला असेल तर तेही लिहा आणि त्याला फोन करून सांगा, "साहेब, परवा कांद्यावर बोललात, ऐकलं." लग्नात आहेराला हजार माणसं असतात. सभागृहातलं भाषण ऐकलं म्हणणारा त्याला महिन्यात एखादाही भेटत नसेल. हा फोन तो विसरणार नाही.

आणि पत्रिका द्यायची असेल तर द्या, रीत आहे ती. पण त्याच्यासाठी मुहूर्त थांबवू नका. "अधिवेशन असेल तर येऊ नका, आम्ही समजून घेऊ," एवढं वाक्य तोंडी सांगा. त्याला पण माणसासारखं एक दुपार बसून चार कागद वाचू द्या.

हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात असतं. प्रश्नाची सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते, ऐन वेळी दिलेला कागद उपयोगाचा नाही. म्हणून दिवाळीच्या आधीच गावातल्या सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न ठरवा. दहा ठरवलेत तर एकही होणार नाही. एका पानावर लिहा. दवाखान्याचं नाव, पद, कधीपासून रिकामं, किती गावांचे लोक येतात, सगळं नेमकं. खाली सह्या. सकाळी लवकर त्याच्या कार्यालयात जा, लग्नाची तिथी नसेल असा दिवस बघून. कागद त्याच्या हातात द्या, सांगा, "साहेब, आम्हाला पत्र नको, हा प्रश्न लावा." दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख टाकून पोच घ्या. ती घरात देवघरापाशी नीट ठेवा आणि जानेवारीत तीच प्रत घेऊन परत जा.